कौतुकाला मीठ-मोहऱ्या
आमच्या संजीवला घरच्या माणसाचं कौतुक करता येत नाही. दुसऱ्यांकडे गेला की तोंडभरून बोलेल. शेजारच्या देवांगचा बार्बेक्यू काय, त्याच्या लेकीचा, केयाचा डान्स काय, सगळं फर्स्टक्लास! माझ्या पुरणपोळ्यांना मात्र "आज जरा बऱ्या झाल्यात." इथे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटचं टाउनहाऊस घेतलं तेव्हा पाहुण्यांना म्हणाला, "खुराडं आहे हो, चालतंय." निहार जन्मला, नर्स म्हणाली किती गोड बाळ, तर हा म्हणे, "झोपलाय म्हणून." नागपूरला सासऱ्यांनी शिकवून ठेवलेलं, आपल्या माणसाचं चारचौघांत कौतुक केलं की दृष्ट लागते. दिवसभर कोडिंग करणारा माणूस, पण हे डोक्यातून जाईल तर शपथ!

मीही हसून सोडून द्यायचे. यंदा मात्र अंगाशी आलं.

निहार आठवीत आहे. कॅफेटेरियात भांडण झालं आणि याने एका मुलाला ढकललं. त्याच्या हनुवटीला टाके पडले, निहारला सस्पेंड केलं. घरात पोरगं धड जेवेना, बोलेना. शाळेत परत घेण्याआधी मीटिंग होती, आम्ही तिघं आणि कौन्सेलर मिसेस ओर्टेगा. त्या बाईंची पद्धत अशी, की आधी आईवडिलांनी मुलाची एकेक चांगली गोष्ट सांगायची, मग मुलाने स्वतःचं गोल, म्हणजे पुढचं ध्येय, ठरवायचं.

मी म्हटलं, लहान मुलांना फार छान सांभाळतो. मग संजीवची पाळी आली. हा आपला हसत हसत म्हणतो, "नथिंग स्पेशल. व्हेरी लेझी फेलो."

कोणी हसलं नाही. बाईंनी निहारला विचारलं, तुझं गोल काय?

"नो गोल," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "बाबा इज राइट. आय ॲम गुड ॲट नथिंग."

मी टेबलाखालून नवऱ्याला असा चिमटा काढला, की बस्स! पण त्याची गरजच नव्हती. तो आधीच पांढराफटक पडला होता. इंग्रजी सुचेना त्याला.

"अरे बाळा, असं नाही रे," तो मराठीत म्हणाला. "आजोबा आजारी होते तेव्हा रोज त्यांच्याशी ऑनलाइन बुद्धिबळ खेळायचास. मुद्दाम हरायचास. मला कळायचं. मला नसतं जमलं ते. फार गुणाचा आहेस तू." आणि रडला की हो, चक्क शाळेच्या ऑफिसात!

बाईंनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. निहार बापाकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, त्या मुलाला मी स्वतः सॉरी म्हणेन, आणि राग आला की हात न उचलता सरळ इथे येईन. हेच त्याचं गोल ठरलं. माझा जीव भांड्यात पडला.

घरी आलो तर संजीव किचनमधले डबे उघडतोय.

"मोहऱ्या कुठे आहेत गं? दृष्ट काढायचीय. बोलून बसलोय ना परक्या बाईसमोर."

"अरे, तिला मराठीतला म तरी कळतो का?"

"तरीपण."

निहारला उभं करून त्याने मीठ, मोहऱ्या, मिरच्या ओवाळल्या आणि तापल्या तव्यावर टाकल्या. झालं! ठसका, धूर आणि वर स्मोक अलार्मची बोंबाबोंब. निहार खोकत खोकत टॉवेल हलवायला लागला.

"व्हॉट इज धिस फॉर, आई?"

"बाबाने आज तुझं कौतुक केलं ना, त्याची दृष्ट लागू नये म्हणून."

टॉवेल थांबला. "सो ही मेंट इट? खरंच?"

संजीव डोळे पुसत खिडकी उघडत होता. म्हणाला, "मग काय, मिरच्या उगाच जाळल्या?"