बंपरला लावलेलं तेल

सुरतेच्या लिंबायत भागात आमच्या गल्लीत पहिली चारचाकी आली ती दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आधी तो रिक्षा चालवायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे त्याने रिक्षा विकून एक जुनी पांढरी गाडी घेतली, दवाखान्याच्या आणि लग्नाच्या फेऱ्या मारायला. सुरतेजवळच्या सचिन गावात एका कारखान्याच्या फाटकाबाहेर ती दोन ट्रकच्या मध्ये सापडली. माणसं वाचली, पण पुढचा आणि मागचा, दोन्ही बंपर गेले. दादाने कामरेजच्या भंगारवाल्याकडून दुसरे आणले. पुढचा हिरवा, मागचा लाल. गाडी पांढरी. गल्लीतली पोरं तिला झेंडा म्हणू लागली.

चैत्रात चुलत बहिणीचं लग्न होतं आणि नवरी याच गाडीतून जाणार होती. मी तेव्हा एका रेडियमच्या दुकानात कामाला होते. रेडियमच्या चिकट कागदातून रिक्षांच्या मागे लागणारी नावं, देवांची चित्रं कापायचे. दादा म्हणाला, "तुमच्या दुकानातलं काळं रेडियम बंपरवर बसेल का? दोन्ही एका रंगाचे दिसतील."

"बसेल. पण आधी बंपर तयार करावे लागतील. घाई करायची नाही."

"तू करशील?"

"करीन."

दोन्ही बंपर मी मोरीत ओढले. आधी रॉकेलने डांबर काढलं, मग धुण्याच्या पावडरीने तेलकटपणा. हिरव्याला कुणीतरी चिकटवलेलं जुनं स्टिकर होतं, ते नखांनी खरवडलं. लालला तडा होता. त्याला आतून प्लास्टिकचा तुकडा तापवून जोडला, वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि ती सुकू दिली. मग वॉटर पेपर ओला करून घासणं. दुकानातून आले की जेवणापर्यंत मी घासत बसायचे. बोटांची टोकं सोलली, भाकरी मोडताना मीठ झोंबायचं. शेजारच्या खोल्यांमध्ये माग चालायचे आणि सुताचा रुवा उडत राहायचा. पुसलेल्या बंपरवर घटकाभरात पांढरी लव बसायची. मी ओल्या चादरी बांधून कोपरा बंद केला. शेवटी थिनरचा हलका हात फिरवला आणि घरात सगळ्यांना सांगितलं, "आता याला कुणी बोटही लावायचं नाही. उद्या सुट्टी आहे, उन्हात रेडियम चढवू."

त्याच दिवशी संध्याकाळी दाजी, माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, तिला घेऊन लग्नासाठी नंदुरबारहून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दळण घेऊन गिरणीवर गेले. गिरणीवर गर्दी होती. परत आले तर अंगणात दाजी आणि दादा घाम पुसत उभे. दोन्ही बंपरवर रेडियम चढवलेलं, आणि पापड तळावा तसे त्यावर फोड आलेले. कडा तर आपोआप सुटून वर येत होत्या.

मी सुटलेली कड बोटाने दाबली. बोट घसरलं. वास घेतला. खोबरेल तेल!

"तेल कुणी लावलं?"

दाजी त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "मी लावं. खडबडीत दिसत होतं ना, चमक आणी. तुनं घासणंच बरोबर नव्हतं."

"ते खडबडीत मी मुद्दाम केलं होतं, दाजी. तेलावर गोंद धरतो का?"

"जाऊ दे व. हाई बायासनं काम नही. तू घरमा जाय."

मी दादाकडे पाहिलं. तेल लावताना तो तिथेच होता. मी काय बजावलं होतं ते त्याने स्वतः ऐकलं होतं. तो चपलेने माती उकरत म्हणाला, "दाजी पाहुणे आहेत. मी काय बोलणार?"

दाजींपेक्षा त्या वाक्याचा मला जास्त संताप आला. मी वाकून पुढच्या बंपरचं रेडियम एका झटक्यात ओढून काढलं. मग मागचं. आई आतून ओरडली, "पाहुण्यांसमोर काय लावलंय?" मी थांबले नाही. चुरगळलेला काळा गोळा मी दाजींच्या पायाशी टाकला आणि म्हणाले, "घ्या तुमची चमक."

आपल्यासमोर तोंड वर करून असं कुणी बोललेलं दाजींना ठाऊक नसावं. ते चहाच्या टपरीवर निघून गेले. बहीण दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

रेडियम उरलं होतं ते एकाच बंपरला पुरणारं. मी पुढचा पुन्हा धुतला, पुन्हा घासला, अंगणाच्या दाराला आतून कडी लावून. दुपारच्या उन्हात रेडियम मऊ पडलं की ओढायचं, पट्टीने मधून कडेकडे दाबत न्यायचं. एक कोपरा माझ्याच हातून फाटला, तिथे जोड दिला. दादा दाराबाहेरून म्हणाला, "धरू का एक टोक?"

"नको," मी म्हणाले. खरं तर दुसऱ्या हाताची फार गरज होती.

लग्नात पुढून गाडी देखणी दिसत होती. मांडवाबाहेर दाजी कुणालातरी सांगत होते, "घरच्या घरीच केलं आम्ही." मी ताट घेऊन जात होते. थांबून म्हणाले, "पुढचा मी केला. दाजींनी केलेला मागे आहे, तो बघा." ती माणसं मागे गेली. लाल बंपर उघडाच होता, त्यावर गोंदाचे आणि तेलाचे डाग होते. कुणीतरी हसलं. दाजी हसले नाहीत, दादाही नाही.

घरी आल्यावर आईने मला फार झापलं. पाहुण्याचा अपमान, सासरी कसं निभेल, सगळं ऐकवलं. मी ऐकून घेतलं. माफी मात्र मागितली नाही. दोनेक आठवड्यांनी दादाने नवं रेडियम आणलं, लाल बंपर खोलून मोरीत ठेवला आणि कुणी न सांगता पावडरीने धुवायला बसला. मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते. धुता धुता तो म्हणाला, "त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

"हो," मी म्हणाले, आणि त्याच्या शेजारी बसून वॉटर पेपर पाण्यात बुडवला.