ओटीतली खारीक

माझं लग्न माझ्या बाबांनी स्वतःच्या हाताने ठरवलं, आणि ठरवलं तेव्हा त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

बाबांचं सगळं मोजून-मापून. उभी हयात ओझरच्या विमान कारखान्यात गेली. तिथे केसाएवढा फरक चालत नसे, म्हणून तो घरातही चालत नाही. पोळीची कड जाड झाली तर बोलत नाहीत, फक्त ती पोळी उजेडात धरून बघतात. अशा माणसाला मी एका संध्याकाळी सांगितलं की मला एक मुलगा आवडलाय, अंबडला आमच्या कंपनीतला माल ज्यांच्या ट्रकमधून जातो त्यांचा धाकटा, आणि तो पंजाबी आहे. बाबांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "रीतसर येऊ देत. बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे जवळजवळ नाही, आणि पाहुणे उठताना बाबा 'कळवतो' म्हणाले की विषय संपला. आधीच्या दोन स्थळांना त्यांनी असंच 'कळवतो' म्हणून वाटेला लावलं होतं आणि दोन्ही वेळा मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या होत्या. आता तोच शब्द माझ्यावर उलटणार होता. मी एकोणतीस वर्षांची, ऑफिसात भल्याभल्यांना सुनावणारी बाई. पण बाबांचं मन मोडून लग्न करायची धमक माझ्यात नव्हती. हे मला पक्कं माहीत होतं आणि त्याचाच मला भयंकर राग येत होता.

रविवारी अकराला तीन माणसं येणार होती. पावणेबाराला दोन गाड्यांतून नऊ उतरली. बरोबर फळांची टोपली, सुक्या मेव्याचे डबे, मिठाईचे खोके, आणि एका काकांच्या हातात कशासाठी कोण जाणे पण गुलाबाचं झाड, कुंडीसकट. आईने पाच जणांचे पोहे केले होते. ते नऊ बशांत पसरवताना ती मला कुजबुजत म्हणाली, "शेंगदाणे मोजून घाल गं, प्रत्येकी चार."

मुलाची आई म्हणजे एक प्रस्थच. पिस्ता रंगाचा सलवार-कुडता, खणखणीत आवाज, आणि सोफ्यावर बसली की बाजूला दुसऱ्या कुणाला जागा नाही. पोह्यांची बशी हातात घेऊन तिने विचारलं, "ये क्या है जी?" आईला कणव आली. तिने आपलं ठेवणीतलं हिंदी काढलं. "ये पोहे है. चावल को चपटा करके करते है." बाई मान डोलावत पोहे खात राहिली. मुलगा माझ्याहून चांगलं मराठी बोलतो, म्हणून मी त्याला नंतर विचारलं की तुझ्या आईला मराठी येत नाही का. तर म्हणाला, येतं की, पण नवीन माणसांसमोर लाजते. त्या बाईला लाजताना मी पुढे आजतागायत पाहिलेलं नाही.

तासभर गप्पा झाल्या. बाबा कमी बोलत होते आणि वारंवार घड्याळाकडे बघत होते. मग त्यांनी घसा खाकरला, खुर्चीत ताठ बसले, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. त्यांची ही बैठक मी दोनदा पाहिलेली होती. याच्यानंतर तो शब्द येतो.

तेवढ्यात आई उठली. मुलाच्या आईला म्हणाली, "जरा थांबिए. पहिली बार आए हो, ओटी भरती हूँ."

आईच्या डोक्यात यात काहीही वेगळं नव्हतं. सवाष्ण पहिल्यांदा घरी आली, त्यातून एवढे डबे घेऊन आली, तिला रिकामी कशी पाठवायची? नको असलेल्या स्थळांच्या आयांचीसुद्धा तिने ओटी भरलेली होती. हळद-कुंकू लावलं, तांदूळ घातले, नारळ, सुपारी, हळकुंड, खारीक, आणि कपाटातून घाईघाईने काढलेला हिरवा, सोनेरी काठांचा ब्लाउजपीस. तो आम्हाला वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दिलेला होता, त्यांना आणखी कुणी. हे ब्लाउजपीस घराघरांतून फिरत असतात, कुणी शिवत नाही, हे काय सांगायला हवं?

बाईने ओढणी पसरून ओटी घेतली. क्षणभर आत बघितलं. आणि मग तिने दोन्ही डोळ्यांना ओढणीचं टोक लावलं.

"शगुन!" ती म्हणाली. "बहनजी, आपने तो मेरी झोली भर दी!"

आई गोंधळून हसली. बाईने ओटीतली खारीक उचलली, बाबांच्या हातात दिली, आपल्या मुलाला दंडाला धरून त्यांच्यासमोर आणलं आणि म्हणाली, "भाईसाब, मुँह मीठा कराओ बच्चे का."

पाहुण्याने सांगितलं ते नम्रपणे करायचं, हे बाबांचं जन्माचं वळण. त्यांनी खारीक नीट दोन बोटांत धरली, अंतराचा अंदाज घेतला आणि बरोबर त्याच्या तोंडात ठेवली.

"रोका हो गया!"

हे नऊ जण एका वेळी ओरडले. मला आधी वाटलं छताचा पंखा पडला. रोका म्हणजे काय हे त्यानेच मला कधीतरी सांगितलं होतं: मुलीकडच्यांनी मुलाला शगुन दिला, त्याचं तोंड गोड केलं, की दोघं एकमेकांसाठी रोखली गेली. आता कुणीही दुसरीकडे बघायचं नाही. आणि शगुनात काय काय असतं? नारळ असतो, आणि मुलीच्या वडिलांनी मुलाला भरवायचा छुहारा असतो. छुहारा म्हणजे आपली खारीक.

मुलाचे वडील बाबांना मिठी मारून दोन इंच वर उचलत होते. कुंडीवाले काका फोनवर लुधियानाला कुणाला तरी बातमी देत होते. माझ्या डोक्यावर लाल चुनरी आली. ती त्यांनी बरोबर आणलेलीच होती. तो माझ्याकडे बघत तोंडातली खारीक चघळत होता, कारण खारीक चटकन संपत नाही. मला इतकं हसू येत होतं की मी स्वयंपाकघरात पळाले आणि ओट्याला धरून हसले, आणि मग तिथेच थोडी रडलेसुद्धा.

पाहुणे गेल्यावर बाबा बराच वेळ गुलाबाच्या कुंडीकडे बघत बसले. "मी कळवतो म्हणणार होतो," ते म्हणाले.

"मी फक्त ओटी भरली हो," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोन हातात घेतला. काय बोलायचं ते कागदावर लिहिलेलं होतं: आमच्या पद्धतीत ओटीचा अर्थ तसा होत नाही, गैरसमज झाला, क्षमस्व. मी दाराआड उभी होते. पलीकडून मुलाच्या वडिलांचा आवाज मलाही ऐकू आला. "आपके अपने हाथ से हुआ जी, इससे बडी बात क्या!"

बाबा थांबले. स्वतःच्या उजव्या हाताकडे त्यांनी बघितलं. "हो," ते म्हणाले. "हाथ तो मेरा ही था." आणि कागद चुरगाळून खिशात घातला.

फोन ठेवून मला म्हणाले, "भरवली मी. आता त्याच्या तोंडातून काढून कशी घेऊ?" मी त्यांच्या गळ्यात पडले. त्यांनी मला दोनदा थोपटलं आणि चहा टाकायला सांगितला.

लग्न दणक्यात झालं. वरात कोपऱ्यावरून कार्यालयाच्या दारापर्यंत यायला सव्वा तास नाचत राहिली. अंतर शंभर पावलांचं, बाबांनी आदल्या दिवशी चालून मोजलं होतं. मुहूर्त टळेल म्हणून ते घड्याळ घेऊन ढोलवाल्याकडे गेले, ते परत आलेच नाहीत. आईने जाऊन बघितलं तर त्यांना मध्ये घेतलं होतं आणि ते दोन्ही हात वर करून, अगदी सारख्या उंचीवर ठेवून, नाचत होते.

मग पहिली संक्रांत आली. देवळाली कॅम्पच्या आमच्या घरी सासूबाईंनी माझ्यासाठी हळदी-कुंकू ठरवलं. हलव्याचे दागिने त्यांनीच आणले. मला म्हणाल्या, कपाटातून ब्लाउजपीस काढ. मी कपाट उघडलं आणि बघतच राहिले. वरपासून खालपर्यंत घड्या, सत्तर-ऐंशी तरी असतील. बत्तीस वर्षांतल्या गल्लीभरच्या ओट्या.

मी हळूच मागे वळले. "मम्मी, तुम्हाला ओटी माहीत होती?"

"वेडी का काय!" त्या म्हणाल्या, खणखणीत मराठीत. "संक्रांतीला पंधरा-वीस घरं करते मी दरवर्षी."

"आणि पोहे?"

"मीठ कमी होतं."

"मग ते सगळं..."

त्या पलंगावर बसल्या. "अगं, तुझ्या वडिलांनी गुडघ्यांवर हात ठेवले ना, तेव्हाच मी समजले. आता हे कळवतो म्हणणार. थोरल्याच्या वेळी एका घराने कळवतो म्हटलं होतं. सात वर्षं झाली, अजून कळवतायत! आणि तुझा चेहरा बघवत नव्हता गं मला. तेवढ्यात तुझी आई उठली. मग मी काय खारीक वाया जाऊ देणार होते?"

मी उगाच गठ्ठ्यात हात घालून शोधायला लागले. हिरवा, सोनेरी काठांचा. वरचे काढले, खालचे काढले. तो नव्हता.

"आईचा कुठे गेला? कुणाला दिलात?"

"तो शिवला," त्या म्हणाल्या. "तुझ्या लग्नात तोच घातला होता की, साडीवर. एवढ्या गर्दीत कुणाचं लक्षच नाही." मग माझ्या हातातला गठ्ठा घेऊन त्या एकेक घडी सारखी करायला लागल्या. "हे बाकीचे फिरतात, फिरू देत. तो कसा पुढे देणार?"