अर्धा जबाब

वानखडे बाई गेल्या हे मला केंद्राच्या मासिक बैठकीत कळलं. गणवेशाचं परिपत्रक वाचून झालं, खिचडीचं वाचून झालं, आणि त्याच आवाजात केंद्रप्रमुखांनी सांगितलं की पूर्वी आपल्याच केंद्रात असलेल्या, सध्या उमरखेडकडे काम करणाऱ्या बाई मेंदूतल्या रक्तस्रावानं वारल्या. दोन मिनिटं शांत उभं राहायचं ठरलं. मी घड्याळ पाहिलं... चाळिसाव्या सेकंदाला खुर्च्या वाजल्या. मग विस्तार अधिकारी साहेब बोलायला उठले. बाई शिस्तप्रिय होत्या, वरिष्ठांचा मान राखणाऱ्या होत्या, असं ते म्हणाले. ज्या माणसानं त्यांना जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला फेकून दिलं, त्याच्याच तोंडून हे निघत होतं. मी मान खाली घालून बसलो. मान खाली घालणं मला नवीन नाही, आणि हा लेख त्याबद्दलच आहे.

मी शिक्षणसेवक म्हणून, तीन वर्षांच्या कच्च्या नोकरीवर, पांढरकवड्यापलीकडच्या एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वीस-पंचवीस घरांच्या वस्तीवर, रुजू झालो तेव्हा माझ्या पिशवीत कपडे कमी आणि पत्रकं जास्त होती. वडील चळवळीतले. आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली असायचे आणि मी वाचायला शिकलो तो त्यांच्यावरच. शोषण, व्यवस्था, एल्गार हे शब्द मला बाराखडीसोबतच आले. त्या वर्षांत कापसानं जिल्ह्याची वाट लावली होती आणि सगळा देश आम्हाला बघायला येत होता. पांढऱ्या गाड्या हायवेवरून खाली उतरायच्या, शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून फोटो निघायचे, कुणा बाईला कॅमेऱ्यासमोर पदर कसा धरायचा ते शिकवलं जायचं, आणि अहवाल मात्र नागपूरच्या हॉटेलात लिहिले जायचे. अशा काळात आमच्या मुख्याध्यापिका वानखडे बाई रोज दुपारी वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसायच्या, मांडीवर परीक्षेचं पॅड घ्यायच्या आणि दहा मिनिटं एकाच मुलाकडे बघत काहीतरी लिहायच्या. मला वाटायचं, जिल्हा जळतोय आणि ही बाई बघत बसली आहे.

पावसाळ्यात भराभर लिहिणारी चौथीतली जना टेकाम दिवाळीनंतर एका ओळीवरच अडून बसायला लागली. मी तिच्या नोंदीत लिहिलं, आळशी झाली आहे, लक्ष नसते. बाईंनी ते वाचलं आणि वही माझ्यासमोर ठेवली.

“सर, हा आळस कोणत्या रांगेत बसला होता? मले तर नाही दिसला.”

मी म्हणालो, वागण्यावरून कळतंच की.

“मग वागणं लिहा ना. डोळ्याले दिसलं ते लिहा अन् कानाले ऐकू आलं ते लिहा. बाकीचं तुमच्या पत्रकात टाका.”

अपमान गिळून दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसलो. जनानं पेन्सिल उचलली. एक अक्षर काढलं. पेन्सिल ठेवली, अंगठा तोंडात घातला, फ्रॉकला पुसला, पुन्हा पेन्सिल उचलली. हे सात वेळा झालं. दहा मिनिटं संपल्यावर बाईंनी तिला जवळ बोलावून हात उलटा केला. अंगठा आणि पहिली दोन बोटं टोकाशी फाटलेली होती. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. पहाटेपासून शाळेच्या घंटेपर्यंत आईबरोबर कापूस वेचून ही मुलगी त्याच तीन बोटांत पेन्सिल धरत होती. दिवाळीनंतर पोडावरची मुलं मठ्ठ होतात, असं तालुक्यातले शिक्षक वर्षानुवर्षं हसत सांगत आले होते. पोरं वेचायला जातात, हे सगळ्यांना माहीत होतं. एकानंही कधी त्यांचा हात उलटा करून पाहिला नव्हता. मीही त्यांतलाच, आणि माझ्याकडे तर पत्रकं होती.

बाईंनी वेचणीचे महिने तोंडी शिकवायला सुरुवात केली. जना गणितं बोलायची, धडा स्वतःच्या शब्दांत सांगायची, मध्येच एखादा कोलामी शब्द टाकायची आणि मी अडखळलो की खुदखुदायची. याच दिवसांत विस्तार अधिकारी साहेब तपासणीला आले. त्यांच्या प्रपत्रात चौकटी होत्या आणि चौकटींत बरोबरच्या खुणा. वह्या कोऱ्या पाहून त्यांनी सगळा वर्ग अप्रगत ठरवला आणि सहीसाठी कागद बाईंकडे सरकवला. खाली शिक्षकाच्या अभिप्रायाची जागा होती. बाईंनी तिथे शांतपणे लिहिलं की साहेब वर्गात बावीस मिनिटे होते, त्यातली चौदा मिनिटे त्यांनी दाराबाहेर जीपकडे पाहिले, एकाही मुलाला नाव विचारले नाही. साहेबांनी ते वाचलं, कागदाची घडी केली आणि चहा न पिता गेले. आयुष्यभर दुसऱ्यांना शेरे देणाऱ्या माणसाला स्वतःवरचा एक शेरा पचत नाही.

वार्षिक परीक्षा आली तेव्हा फरदडीची, म्हणजे राखून ठेवलेल्या कपाशीची, शेवटची वेचणी चालूच होती. जनाच्या अंगठ्याला नखुरडं होऊन तो पेरूएवढा सुजला होता. चौथी पास झाली तर आश्रमशाळेत पाचवीला जागा होती, वसतिगृहासकट. नाही झाली तर कापूस वेचायची ओटी कमरेला बांधून शेतात. बाईंनी तिला समोर बसवलं. जना बोलत गेली आणि बाईंनी अक्षरन् अक्षर उतरवलं, तिच्या चुकांसकट. मी चार हातांवर उभा होतो. मी सगळं ऐकलं.

साहेबांना याची खबर लागलीच. त्यांनी मला एकट्याला पांढरकवड्याला बोलावलं. जीभ मधात बुडवून ते म्हणाले की माझ्यावर त्यांचा राग नाही, त्यांना फक्त एकच गोष्ट हवी आहे.

“उत्तरपत्रिकेवर अक्षर कोणाचं हाय?”

“बाईंचं.”

“बस. एवढंच लिहून द्या. खोटं लिहा म्हणून कोणी म्हणत नाही तुम्हाले. तुमचे तीन वर्षं पुरे व्हाचे हायेत ना अजून?”

मी लिहून दिलं. उत्तरपत्रिकेतील हस्ताक्षर मुख्याध्यापिकेचे आहे. एका ओळीचा जबाब, शंभर टक्के खरा. एल्गार वगैरे शब्द येणाऱ्या माणसाला आणखी एक ओळ लिहिता आली नाही. जनाचा निकाल नापास लागला आणि बाईंच्या हातात उमरखेडकडचा बदलीचा आदेश पडला. त्यांना बसवून द्यायला मी स्टँडवर गेलो. भुईमुगाच्या शेंगा सोलता सोलता त्या म्हणाल्या, “खोटं नाही लिहिलं तुम्ही, सर. डोळ्याचं लिहिलं, कानाचं ठेवलं.” गाडी लागली आणि त्या चढल्या. ती आमची शेवटची भेट.

याला तीन वर्षं झाली. माझी नोकरी कायम झाली आहे. शोकसभेनंतर आठवड्यानं मी राहिलेला जबाब लिहिला. उत्तरे कुमारी जना टेकाम हिने स्वतः तोंडी दिली, मुख्याध्यापिकेने ती फक्त लिहून घेतली, मी समोर हजर होतो आणि हे मी तेव्हा लपवले. साहेबांच्या कार्यालयातल्या आवकच्या बाबूनं तो वाचून विचारलं, बाई तर गेल्या, आता कायले हे? मी शिक्का मारून घेतल्याशिवाय हललो नाही. साहेबांनी अजून उत्तर दिलेलं नाही, आणि ते देतील अशी माझी त्यांच्याबद्दल समजूतही नाही.

शिक्क्याची प्रत जनाला दाखवायचं धैर्य मला परवा झालं. जना आता तेरा वर्षांची आहे. धाकट्या भावाला सोडायला ती शाळेच्या दारापर्यंत येते आणि तशीच वेचणीला जाते. मी तिला आत बोलावलं. त्याच खोलीत, जिथे तिनं तो पेपर बोलून सोडवला होता, मी तिला कागद वाचून दाखवला. तिनं तो माझ्या हातातून घेतला, एकेका शब्दावर बोट ठेवत पुन्हा स्वतः वाचला. कुठे अडली नाही. मग माझ्याकडे पाहिलं.

“सर,” ती म्हणाली, “तुम्ही तं तवा इथंच उभे होते ना?”

मी हो म्हणालो. तिनं कागदाची घडी करून ओटीत खोचली आणि वेचणीला गेली.