धरणाला दिलेला विसावा

धरणाच्या दोन गेटांमध्ये काँक्रीटचा जाड खांब असतो, त्याला आम्ही पिअर म्हणतो. त्या पिअरला पडलेल्या चिरेत माझं नख सहज आत गेलं. मागच्या तपासणीत ही चीर नव्हती. शेजारी तिथला ऑपरेटर कार्ल उभा होता. तो नदीच्या खालच्या अंगाला बघत होता. तिकडे वळणावर त्याच्या मुलीचं घर होतं आणि घरात तान्हं बाळ.

मी मिनेसोटात धरणांच्या सेफ्टीचं काम करते. इथे तलाव इतका गोठतो की लोक बर्फावर पिकअप नेऊन मासे धरत बसतात. ऊब मिळाली की हा बर्फ फुगतो आणि धरणाला रेटतो. तेवढा रेटा डिझाइनमध्ये धरलेला असतो. मग हा जास्तीचा आला कुठून? मी कार्लला पाण्याच्या लेव्हलबद्दल विचारलं.

“रोज संध्याकाळी फूटभर उतरवतो,” तो म्हणाला. “सकाळपर्यंत परत भरतं. म्हातारं धरण आहे, रात्री जरा विसावा.”

“रोज?”

“थंडी पडल्यापासून एकदाही चुकवलं नाही.”

मी वळून बर्फाकडे पाहिलं. पाणी उतरलं की बर्फाचा थर वाकतो आणि भिंतीजवळ तडकतो. त्या फटीत पाणी शिरून गोठतं. पाणी पुन्हा चढलं की थराला सपाट व्हायला जागाच उरत नाही, मग तो धरणाला ढकलतो. म्हणजे रोज एक नवी पाचर ठोकली जात होती.

बॉसचा फोनवर हुकूम आला, तलाव उतरवा. मी नाही म्हटलं. खालचा पाण्याचा आधार गेला की एवढा बर्फ तुटून गेटांवर लटकला असता.

“लेव्हल आहे तिथेच धरू, गेटांसमोर बर्फात चर कापू, म्हणजे त्याला फुगायला जागा मिळेल,” मी म्हटलं.

“आणि पिअर गेला तर?”

“म्हणून आधी खालची घरं रिकामी करा.”

कार्लची मुलगी बाळाला ब्लँकेटमध्ये गुंडाळून बाहेर पडली. मग आम्ही बर्फाला करवत लावली. कापलेली फट आमच्या डोळ्यांदेखत आवळत गेली, पातं अडकून बसलं. मला खरंच भीती वाटली. दुसरा, रुंद चर कापला, तेव्हा कुठे चीर किती रुंदावते ते बघायला मी तिच्यावर बसवलेल्या मापकाचा काटा थांबला.

कार्लने हळूच विचारलं, “म्हणजे मीच ढकलत होतो?”

इतक्या मायेने केलेलं काम, खोटं बोलावंसं वाटलं. पण मी हो म्हटलं. तो बराच वेळ हातमोजे काढत-घालत राहिला.

वसंतात पिअर दुरुस्त झाला, कार्लची लेक घरी परतली. धरण पाण्याचा भार सोसतं, रोजचं खाली-वर सोसत नाही. कार्ल आता गेटला हात लावण्याआधी मला फोन करतो. उन्हाळ्यातसुद्धा.