श्रावणातले ओले सदरे

रत्नागिरीच्या कचेरीत मी कारकून होतो, तेव्हा मंडणगडहून बदलून आलेला एक तरुण माझ्या शेजारच्या टेबलावर बसू लागला. काम चोख, बोलणं मऊ. पण श्रावण लागला आणि त्याच्याजवळून असा आंबूस वास येऊ लागला की शेजारी बसणं जड जाई. एकाने खिडकीत मुद्दाम उदबत्ती लावली. दुसऱ्याने आपली खुर्ची पार दाराशी नेली.

हेडक्लार्कनी मला बाजूला घेतलं. "तुम्हीच सांगा त्याला. मी सांगितलं तर ती ताकीद होईल."

माझी जीभ रेटेना. शेवटी एका संध्याकाळी त्याला मांडवीपर्यंत फिरायला नेलं. पावसाळ्यामुळे बोटी बंद, बंदरावर चिटपाखरू नव्हतं. आम्ही एका छपराखाली उभे राहिलो.

"राग मानू नका, पण तुमच्या कपड्यांना हल्ली वास येतो."

त्याने स्वतःच्या सदऱ्याची बाही हुंगून पाहिली. मग म्हणाला, "कपड्यांना? मला वाटलं, मलाच काही रोग झालाय. उदबत्ती कुणासाठी लावतात ते कळतं हो मला. दोन वेळा आंघोळ करतो. साबण लावून लावून अंग सोलवटलंय."

"कपडे वाळवता कुठे?"

"खोलीतच. वारा नाही, जेवण खानावळीत, म्हणजे चूलही नाही. ओलेच घालतो."

"मग आमच्याकडे आणा. न्हाणीच्या चुलीवर दांडी आहे."

"छे! तुमच्या घरी माझे कपडे?"

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्याला म्हणावं, तूच घाल वाळत, तूच काढ. मी हात लावत नाही. मग तर झालं?"

तेव्हा कुठे तो आला, तोही मागच्या दाराने. दुसऱ्या खेपेपासून आईने त्याला पुढच्या दाराने यायला लावलं. सदरे वाळेपर्यंत तो चुलीशी बसून तिला फणसाच्या आठळ्या सोलून देई. थोड्याच दिवसांत आंबूस वास गेला. जरा धुराचा वास राही, पण तो आम्हा सगळ्यांच्याच कपड्यांना असे. कचेरीत खुर्ची पुन्हा जागेवर आली. कुणी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

गणपती झाले, ऊन पडू लागलं, तरी त्याचं येणं थांबलं नाही. पुढे संगमेश्वरची मुलगी सांगून आली, तेव्हा घरचं वडीलधारं माणूस म्हणून तो माझ्या आईलाच बरोबर घेऊन गेला.