डिंकमावशी आणि सातवा फॉर्मा

आमच्या वाचनालयाच्या तळघरात एक बाई एकोणतीस वर्षं पुस्तकं शिवत होती. हातांना कायम डिंकाचा वास, म्हणून मुलं तिला डिंकमावशी म्हणत. लांब टेबल, पुस्तकं दाबायचा शिकंजा, दाभण, दोऱ्याची रिळं आणि एक लंगडं स्टूल, एवढा तिचा संसार. घरचाही होता, पण नवऱ्याबद्दल विचारलं की "आहे, पानं सुटलेला" एवढंच म्हणून विषय मिटवायची.

तिचा एक नियम होता: शिवायचं ते वाचायचं नाही. "वाचायला लागलं की हात थांबतो, बाई. न्हावी काय गिऱ्हाइकाच्या डोक्यात काय चाललंय ते बघतो?" मी तिथली ग्रंथपाल. हे ऐकून माझं पित्त खवळायचं, पण काम चोख असलं की मी माणसाचं तत्त्वज्ञान सहन करते.

मुलांच्या विभागात एक कादंबरी होती, जादूच्या शाळेची. त्या शाळेत आपली सावली खुंटीला टांगून वर्गात बसायचं. गणिताचे मास्तर दर गुरुवारी कासव व्हायचे. आणि वार्षिक परीक्षा म्हणजे एका हट्टी दाराची समजूत काढून ते उघडायचं. मुलं त्या पुस्तकावर अशी तुटून पडत की दर तीन महिन्यांनी त्याचा खुळखुळा होई. मग डिंकमावशी ते उसवून, नव्यानं शिवून, नवा पुठ्ठा चढवून वर पाठवायची.

त्या वर्षी नवे चिटणीस आले. उत्साही माणूस. उत्साही माणसांचा मी धसकाच घेतलाय. त्यांना बांधणीचं काम बाहेर यंत्रावर द्यायचं होतं आणि तळघरात झेरॉक्स बसवायचं होतं. मी भांडले. तेव्हा म्हणाले, "ठीक आहे. पण बांधणीची एक जरी तक्रार आली, तर त्याच दिवशी टेबल हलेल."

मी खाली जाऊन तिला सांगितलं. "बरं," म्हणाली आणि दोऱ्याला मेण लावत राहिली. पण त्या दिवसापासून तिचा डबा अर्धा भरलेलाच घरी जाऊ लागला.

दोन महिने सुखात गेले. मग एका सकाळी प्लंबर आला, बगलेत पंपदुरुस्तीचं पुस्तक. चिटणीस नेमके माझ्या टेबलाशी उभे.

"बाई, शहाण्णवाव्या पानापर्यंत मी पंप उघडला," प्लंबर म्हणाला, "आणि सत्त्याण्णवाव्या पानावर दार बोलायला लागलं!"

मी पुस्तक त्याच्या हातून घेतलं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्यांचं बनतं, त्यांना फॉर्मे म्हणतात. प्रत्येकाच्या पायाशी बारीक आकडा असतो, बाइंडर तो बघून लावतो. दोन्ही पुस्तकं एकाच मापाची, एकाच कागदाची, दोन महिन्यांपूर्वी एकाच दिवशी टेबलावर उसवलेली. सातवा फॉर्मा इकडचा तिकडे गेला होता. एक ओळ वाचली असती तर कळलं असतं. पण नियम!

"म्हणजे जादूच्या पुस्तकात पंप?" चिटणीस म्हणाले. "आणि दोन महिने एकाही मुलाची तक्रार नाही?"

तक्रार कशाला करतील? शेजारच्या बाकावरच्या पोरींनी उत्साहानं सांगितलं, "ते मंत्र आहेत! 'प्रथम मुख्य कॉक बंद करावा. नट डावीकडे तीनदा फिरवावा.' मग दार उघडतं!"

एवढ्यात कुणीतरी बोलावल्यामुळे डिंकमावशी वर आली. दोन्ही पुस्तकं तिनं हातात घेतली, फक्त आकडे पाहिले. "चूक माझीच आहे, साहेब. टेबल कधी हलवायचं?"

साहेब तोंड उघडणार, तोच प्लंबर म्हणाला, "नट डावीकडे तीनदा... अहो साहेब, काल तुमच्याकडेच ना मी आलो होतो? दोन दिवस पाणी नाही म्हणून? मुख्य कॉक बंद, नट सैल. म्हटलं हे पद्धतशीर काम कुणाचं!"

"आमची धाकटी..." चिटणीसांच्या तोंडून निघालं. जादूच्या शाळेचं पुस्तक शनिवारपासून त्यांच्याच घरी होतं, आणि सकाळी परत करायला तेच आले होते.

मी तक्रारवही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. "लिहा. सविस्तर लिहा. बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवते."

त्यांनी वहीकडे पाहिलं, पोरींकडे पाहिलं, आणि वही मिटली. "झेरॉक्स जिन्याखालीही मावेल," म्हणाले.

"माझी तक्रार नव्हतीच," प्लंबर पुटपुटला. "ते दार शेवटी उघडतं का, तेवढं सांगा."

सगळ्यांनी डिंकमावशीकडे पाहिलं. "मला काय माहीत?" ती फणकारली, आणि दोन्ही पुस्तकं घेऊन खाली गेली.

दुपारी मी तळघरात डोकावले. दोन्ही पुस्तकं उसवलेली, डिंकावर साय धरलेली, डबा मात्र चाटूनपुसून रिकामा. मावशी लंगड्या स्टुलावर, दाभण अंबाड्यात खोचून, आठव्या फॉर्म्यात नाक खुपसून बसलेली.

"हात थांबलाय," मी म्हटलं.

"थांबू दे," ती मान वर न करता म्हणाली. "मास्तर अजून कासवच आहेत."