हाडाला वेळ लागतो

मी जानेफळचा. हवालदार म्हणून निवृत्त झालो. गावात लोक लढाईबद्दल विचारतात. मी माझ्या उजव्या नडगीपासून सुरुवात करतो.

ट्रेनिंग सेंटरला पोचलो तेव्हा धावण्यात मी सगळ्यांच्या पुढे होतो. काही आठवड्यांत नडगी दुखू लागली. मग एका सकाळी परेडमध्ये पाय टेकवेना. एक्स-रेत हाडाला बारीक तडा दिसला. मेडिकल ऑफिसर म्हणाले, हे भरून आलं नाही तर घरी जावं लागेल.

आमचे पीटी उस्ताद नायक सिद्धार्थ इंगळे माझ्याच जिल्ह्यातल्या दुसरबीडचे. ते बराकीत आले आणि माझ्या खाटेवर बसले.

"मांस लवकर येते बे," ते म्हणाले. "हाडाले येळ लागते. सांधे बांधून ठेवनाऱ्या दोऱ्यायले त्याहून जास्त. तू मांसाच्या भरवशावर पळून राह्यला होता."

"मंग मी घरी जाऊ का, उस्ताद?"

"काऊन? पहिले आराम कर. मंग थोडं वजन दे, पुन्हा आराम. ताण पडला की हाड जुनं काढून नवं भरते. मधात घाई केली की मोडते."

माझी बॅच पास होऊन गेली. मला रेलिगेट करून मागच्या बॅचमध्ये टाकलं. नवी पोरं लंगडा म्हणायची. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी चालू लागलो, मग रिकामा पिठ्ठू, म्हणजे फौजी पिशवी, पाठीवर घेऊन, मग त्यात वाळू भरून. शेवटी त्याच मेडिकल ऑफिसरांनी मला फिट लिहिलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी आम्ही एकाच कंपनीत आलो. इंगळे साहेब तोवर नायब सुभेदार झाले होते. पोस्ट उंचावर होती. एका दुपारी गस्त घालून परतत असताना वरून दगड सुटले. साहेबांनी पुढच्या जवानाला ढकलून बाजूला केलं. एक दगड त्यांच्या कमरेवर आला.

मी रेडिओवर कळवलं.

"एक कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

"मौसम खराब. हेलिकॉप्टर नहीं आएगा. नीचे लाओ. ओव्हर."

वाट एका माणसापुरती होती. पुढे स्ट्रेचर वळेना. साहेबांना पाठीवर बांधलं. आम्ही तिघं आळीपाळीने उतरत होतो. शेवटचा कडा माझ्या वाट्याला आला.

"मले ठेव इथंच," ते म्हणाले.

"नाही ठेवत, साहेब."

त्यांनी माझ्या खांद्यावरची पकड घट्ट केली. मग म्हणाले, "पाय सपाट टाक."

मी पाय सपाट टाकले. नडगी टिकली. अंधार पडायच्या आत आम्ही त्यांना डॉक्टरांच्या हवाली केलं, तेव्हा ते शुद्धीवर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

आता गावात सांगतात, वय झालं, गुडघे जपा, बसून राहा. मी बसत नाही. दरवर्षी साहेबांच्या स्मृतिदिनाला जानेफळहून दुसरबीडला चालत जातो. पाठीवर वजन असतं. वाटेत मुक्काम करतो.

त्यांच्या आई दारात उभ्या असतात. पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं, "एसटी होती ना, बाबू. चालत काऊन आला?"

"माय, हे पाय त्यायनं उभे केले."

त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. आम्ही फोटोसमोर बसतो. त्या साहेबांच्या लहानपणाचं सांगतात, मी फौजेतलं.

नायब सुभेदार सिद्धार्थ इंगळे. आम्ही त्यांना डोंगरावर ठेवून आलो नाही.